ओव्हरक्लॉकिंग आणि राहून गेलेला हातचा

संगणकाचा प्रोसेसर कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. घरच्या संगणकावर हा उद्योग करणारे हौशी लोक पुष्कळ आहेत आणि त्याविषयी लिहिणारेही. या लेखनात एक उपमा हटकून भेटते, ती मोटारीच्या इंजिनाची. इंजिन जास्त पळवले तर गाडी वेगाने जाते, मात्र ते तापते आणि लवकर झिजते. प्रोसेसरचेही तसेच, असे सांगितले जाते. उपमा सोपी आहे, विद्यार्थ्यांना चटकन पटते. परंतु ती चुकीच्या धोक्याकडे बोट दाखवते, असे माझे मत आहे. इंजिन फार दामटले तर ते बंद पडते. प्रोसेसर मात्र बंद न पडता चुकीचे उत्तर देऊ शकतो, आणि हे उत्तर बरोबर उत्तरासारखेच दिसते.

हे कसे घडते ते पाहण्यासाठी पाच विद्यार्थ्यांना एका ओळीत बसवा. पहिल्याने चिठ्ठीवर एक संख्या लिहायची, दुसऱ्याने तिची दुप्पट करायची, तिसऱ्याने त्यात ७ मिळवायचे, असे पुढे. अट एकच. घंटा वाजली की हातातली चिठ्ठी, असेल त्या अवस्थेत, पुढच्याला द्यायची. दर दहा सेकंदांनी घंटा वाजते तोवर सारे सुरळीत चालते. आता ती सहा सेकंदांवर आणा. तिसऱ्या विद्यार्थ्याकडे ४०१२ आले तर तो एका क्षणात ४०१९ लिहील. पण ३९९८ आले तर? एककाचा हातचा दशकात, दशकाचा शतकात, शतकाचा हजारात न्यावा लागतो. तेवढ्यात घंटा झाली तर चिठ्ठीवर ४००५ ऐवजी भलतेच काही जाईल. पुढचा विद्यार्थी तेच खरे धरून आपले काम चोख करील.

प्रोसेसरमध्ये ही घंटा म्हणजे क्लॉकचा ठोका. दोन ठोक्यांच्या मधल्या काळात विद्युतसंदेशाला ट्रान्झिस्टरांच्या एका साखळीतून पलीकडे पोहोचावे लागते. सगळ्यांत लांब साखळीला लागणारा वेळ हीच ठोक्यांच्या वेगाची मर्यादा, आणि बेरजेच्या परिपथात ही लांब साखळी बऱ्याचदा हातच्याचीच असते. मर्यादा किंचित ओलांडली तर शेकडा नव्व्याण्णव बेरजा बरोबर येतील. चुकेल ती नेमकी लांब हातच्याची. म्हणून ‘संगणक सुरू झाला, खेळ चालला, म्हणजे जमले’ ही हौशी मंडळींची कसोटी अपुरी आहे. तिने फार तर सोपी गणिते तपासली जातात.

या छंदाचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे इंटेलचा सेलेरॉन ३००ए. तो ऑगस्ट १९९८ मध्ये बाजारात आला. त्याआधी एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनमध्ये दुसऱ्या पातळीची कॅश स्मृती मुळीच नव्हती, त्यामुळे त्याची बरीच हेटाळणी झाली होती. ३००ए मध्ये १२८ किलोबाइट कॅश प्रोसेसरच्याच चकतीवर बसवली होती आणि ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालत असे. त्याच्यापेक्षा कितीतरी महाग असलेल्या पेंटियम टूची कॅश ५१२ किलोबाइट होती खरी, पण ती वेगळ्या चिपांत होती आणि निम्म्या वेगाने चाले. सेलेरॉनचा गुणक ४.५ असा पक्का केलेला होता. मदरबोर्डकडून ६६ मेगाहर्ट्झचे ठोके मिळाले की ३०० मेगाहर्ट्झ होत. हौशी लोकांनी गुणकाच्या वाटेला न जाता मूळ ठोकेच १०० वर नेले, आणि साडेचार गुणिले शंभर म्हणजे ४५० मेगाहर्ट्झ झाले! काहींनी तर त्यासाठी प्रोसेसरच्या बी२१ या एका संपर्कावर चिकटपट्टीचा तुकडा लावला, की मदरबोर्ड आपोआप १०० चे ठोके देऊ लागे.

हे जमले ते नशिबाने नव्हे. चकती ०.२५ मायक्रॉनच्या तंत्राने बनत होती, म्हणजे त्या काळच्या पेंटियम टूसारखीच. तिच्यात ताकद होती. स्वस्त मालाने महाग मालाचे गिऱ्हाईक खाऊ नये म्हणून तिच्यावर लहान आकडा छापला गेला. ग्राहकांनी ही व्यापारी युक्ती ओळखली याचे मला कौतुकच वाटते. मात्र ‘कंपनीने लपवलेला वेग फुकट मिळाला’ असा जो निष्कर्ष काढला गेला, तो अर्धाच खरा आहे. ३०० मेगाहर्ट्झला एका ठोक्यासाठी ३.३३ नॅनोसेकंद मिळतात, ४५० ला २.२२. दीडपट वेग म्हणजे एक तृतीयांश वेळ कापला. काही चिपांत तेवढी सवड होती, काहींत नव्हती. नसेल तेथे व्होल्टेज वाढवून ट्रान्झिस्टर चपळ करीत. खर्च होणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि ठोक्यांच्या प्रमाणात वाढते. २ व्होल्टचे २.२ केले की १.२१ पट, त्यावर ठोके दीडपट, म्हणजे शक्ती एकूण सुमारे १.८ पट झाली. शिवाय ट्रान्झिस्टर तापले की मंदावतात. पौषात उत्तीर्ण झालेला संगणक वैशाखात नापास होऊ शकतो. छापील आकडा ही त्या चिपची परम मर्यादा नसते. बरीवाईट चिप, उन्हाळा, कमीजास्त वीज हे सारे धरूनही उत्तर बरोबर येईल अशी ती हमी असते. ही हमी आपण मोडीत काढतो, ती किंमत ‘फुकट’ या शब्दात दिसत नाही.

उलट पुराव्याची सोय आहे. मर्सेन मूळ संख्यांच्या शोधासाठी १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी सुरू केलेल्या प्रकल्पाच्या प्राइम९५ या प्रोग्रॅममध्ये एक चाचणी आहे. ती प्रोसेसरला तासन्‌तास अवघड गणिते घालते आणि आलेली उत्तरे आधी ठाऊक असलेल्या उत्तरांशी ताडून पाहते. म्हणजे घंटा वाढवा, पण मग वह्या तपासा! अनेक जण हे काटेकोरपणे करतात, हे मान्य केले पाहिजे.

ज्याला आपला संगणक असा पळवला आहे हेच माहीत नसते, त्याचे काय? माइक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २००५ मध्ये लिहिलेला एक प्रकार शिक्षकांनी जरूर सांगावा. विंडोज कोसळल्याचे काही अहवाल असे होते, की चूक एका रजिस्टरमध्ये शून्य भरण्याच्या साध्या आज्ञेवर दिसत होती. ती आज्ञा चुकूच शकत नाही. चौकशीत संगणक ओव्हरक्लॉक केलेले निघाले आणि मालकांपैकी कित्येकांना त्याची कल्पनाही नव्हती. लहान दुकानांनी स्वस्त प्रोसेसर जास्त वेगाने चालवून तो महाग म्हणून विकला होता. त्याच कंपनीच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या नोंदी अभ्यासल्या. ओव्हरक्लॉक केलेल्या यंत्रांत प्रोसेसरचे दोष अधिक आढळले आणि ठरलेल्या वेगापेक्षा मंद चालवलेल्या यंत्रांत कमी.

आता कंपन्यांविषयी. २००८ पासून इंटेलचे प्रोसेसर टर्बो बूस्टमुळे स्वतःच गरजेनुसार ठोके वाढवतात. हौशी लोक जी सवड हाताने शोधत, तिच्यातला बराच भाग आता कारखान्यातूनच वापरून टाकलेला असतो. २०२४ मध्ये याची दुसरी बाजू दिसली. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर, ओव्हरक्लॉक न करताही, अस्थिर होऊ लागले. प्रोसेसरचा मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याचे कंपनीने कबूल केले, तो दुरुस्त केला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. लक्षणे पाहा. अनेक खेळ बंद पडताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश देत. मेमरी पुरेशी होती. लोकांनी आधी ग्राफिक्स कार्डावरच संशय घेतला, कारण चिठ्ठी चुकली होती एकाच्या हाती आणि तक्रार आली दुसऱ्याकडून.

वर सांगितलेला चिठ्ठ्यांचा प्रयोग वर्गात करताना एवढे करावे. सर्व चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात, पण प्रयोग चालू असताना कोणालाही उत्तरे तपासू देऊ नयेत. शेवटी विचारावे, की कितव्या घंटेला चूक झाली असे वाटते? मगच चिठ्ठ्या उघडाव्यात. तिसऱ्या जागी एकदा चपळ मूल बसवावे, एकदा सावकाश लिहिणारे, आणि संख्या निवडताना ३९९८ सारख्या दोनतीन मुद्दाम मिसळाव्यात.