न मोजलेली धूळ

‘टेस्टामेंट’ हा लिन लिटमन यांनी दिग्दर्शित केलेला अमेरिकन चित्रपट १९८३ सालचा. अणुयुद्धावरचा चित्रपट म्हटला की छत्रीसारखा ढग, कोसळणाऱ्या इमारती, सैरावैरा पळणारी माणसे अशी दृश्ये आपण गृहीत धरतो. इथे त्यांतले काही नाही. टीव्हीसमोर बसलेली मुले, मध्येच थांबलेला कार्यक्रम, घाईघाईने दिलेली बातमी आणि खिडकीतून आत आलेला डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश. बाँब कोणी टाकला, का टाकला, हे शेवटपर्यंत कळत नाही. कळून त्या घराचे काही भले झाले असते, असेही नाही.

घर आहे कॅलिफोर्नियातल्या हॅमेलिन नावाच्या काल्पनिक गावातले. कॅरोल वेदरली, तिचा नवरा टॉम आणि तीन मुले. टॉम कामासाठी सॅन फ्रान्सिस्कोला गेलेला आहे. आपण घरी यायला निघालो आहोत, असा त्याचा निरोप यंत्रावर आहे; तो मात्र येत नाही. गाव उभेच्या उभे आहे, भिंतीला तडाही गेलेला नाही. मग एकेक माणूस आजारी पडू लागते. जेन अलेक्झांडर यांनी कॅरोलची भूमिका इतकी संयमाने केली आहे की, त्या वर्षीच्या ऑस्करसाठी त्यांना नामांकन मिळाले याचे नवल वाटत नाही.

आम्ही हा चित्रपट प्रथम पाहिला तो संशोधक विद्यार्थी असताना, आणि खरे सांगायचे तर चिडूनच उठलो. याचे कारण विज्ञान. ज्या गावावर स्फोट झालेला नाही, त्या गावाचा शत्रू असते ती किरणोत्सारी धूळ. बाँब जमिनीलगत फुटला, तर माती आणि दगड वाफ होऊन वर जातात, विखंडनातून निर्माण झालेले पदार्थ त्यांना चिकटतात आणि ही धूळ वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाऊन खाली उतरते. उंचावर फुटलेल्या बाँबमुळे आसपास अशी धूळ फारच कमी पडते. हॅमेलिनमध्ये इतके लोक मरतात म्हणजे स्फोट जमिनीलगत झाले असले पाहिजेत, आणि बऱ्याच जणांना ४ ग्रेच्या पुढे मात्रा मिळाली असली पाहिजे. (उपचार नसतील, तर साधारण एवढ्या मात्रेने निम्मी माणसे दोन महिन्यांत दगावतात.)

इथपर्यंत ठीक. पण या धुळीचा एक गुण चित्रपटाला माहीतच नसावा असे वाटते. ती फार झपाट्याने निवते. ताज्या धुळीत शेकडो समस्थानिकांचे मिश्रण असते. काहींचे अर्धायुष्य सेकंदांचे, आयोडीन-१३१चे ८ दिवसांचे, सीझियम-१३७चे ३० वर्षांचे. त्यामुळे पाठ्यपुस्तकातले एकाच अर्धायुष्याचे सूत्र इथे चालत नाही. त्याऐवजी एक ढोबळ नियम वापरतात : वेळ सातपट झाली की तीव्रता दहावा हिस्सा उरते. स्फोटानंतर एका तासाला तीव्रता १००० मानली, तर ७ तासांनी १००, ४९ तासांनी १० आणि ३४३ तासांनी, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, फक्त १. शिक्षकांनी हे फळ्यावर जरूर करून पाहावे. पहिले दोन दिवस जाड भिंतींच्या आत, शक्यतो तळघरात काढणे म्हणजे काय, ते विद्यार्थ्यांना एका आकडेमोडीत समजते.

चित्रपटातले गाव काय करते? सभेला जमते, अंत्यविधीला जाते, रस्त्यावर वावरते. एक म्हातारा हौशी रेडिओचालक बाहेरच्या जगाशी संपर्क साधत राहतो, पण मोजमापाला चित्रपटात जवळजवळ स्थानच नाही. ज्ञान असो वा नसो, मरण सारखेच, असा त्याचा सूर आम्हांला वाटला. विज्ञान शिकवणाऱ्याने तो का सहन करावा?

आणि प्रत्यक्षातला दाखला उपलब्ध होता. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर १५ मेगाटनांचा बाँब फोडला. दीडशेहून अधिक किलोमीटरवरच्या राँगलॅप बेटांवर पांढरी भुकटी पडली. मुले तिच्यात खेळली. तिथल्या लोकांना सुमारे दोन दिवसांनी हलवण्यात आले. उलट्या झाल्या, कातडी भाजली, केस गळले. त्या काही आठवड्यांत कोणी दगावले नाही, परंतु त्या वेळी दहा वर्षांखालील असलेल्या बहुतेक मुलांच्या थायरॉइड ग्रंथीत पुढे विकार निघाले. कोणीतरी त्यांना ‘आत राहा, हे पाणी पिऊ नका’ एवढे वेळेवर सांगितले असते तर? आमच्या रागाला हा आधार होता.

पुढे काही वर्षांनी शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही हाच चित्रपट दाखवला आणि नंतर वरचे कोष्टक फळ्यावर मांडले. एका बाईंनी विचारले, ‘‘सर, ते शेजारचे पोरगे दारात आले, तेव्हा दार उघडायचे की नाही?’’ आईवडील परत न आलेल्या शेजारच्या मुलाला कॅरोल घरात घेते, त्याबद्दल त्या बोलत होत्या. आमच्याकडे उत्तर नव्हते. ‘बाहेर पडू नका’ हा नियम भौतिकीच्या दृष्टीने बिनचूक आहे. तो पाळणे म्हणजे दार न उघडणे, प्रेत तसेच ठेवणे, नवऱ्याची वाट खिडकीतूनही न पाहणे. लिटमन यांचे गाव अडाणी म्हणून मरत नाही, दारे लावून घेणे त्याला जमत नाही म्हणून मरते, असा अर्थ आम्हांला त्या दिवशी प्रथम दिसला.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना १९५१च्या एका सरकारी चित्रफितीत कासव दाखवून बाकाखाली लपायला शिकवले जात होते. आमचे कोष्टक खरे आहे, पण नुसते कोष्टक हाती दिले तर तेही त्या कासवासारखेच होते : दोन आठवडे काढा, मग सगळे पूर्ववत. दोन आठवड्यांनंतर दूध कुठले, दवाखाना कुठला, शेत कुठले, हे कोष्टक सांगत नाही. चित्रपट तेच सांगतो.

उणिवा उरतातच. किरणोत्साराचा आजार इतका स्वच्छ नसतो; उलट्या, जुलाब, रक्तस्राव यांची घाण दिग्दर्शिकेने बरीचशी टाळली आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या बीबीसीच्या ‘थ्रेड्स’ने ती टाळली नाही. धुरामुळे पडणाऱ्या थंडीचाही इथे मागमूस नाही. त्याबद्दल मात्र दोष देता येत नाही. अणुहिवाळ्यावरचा गाजलेला शोधनिबंध डिसेंबर १९८३मध्ये, म्हणजे चित्रपटानंतर महिनाभराने, प्रसिद्ध झाला. २००७ साली भारत-पाकिस्तान युद्ध गृहीत धरून, हिरोशिमाच्या आकाराच्या १०० बाँबचा हिशोब मांडण्यात आला, तेव्हा सुमारे ५० लाख टन काजळी वातावरणात जाऊन सगळ्या पृथ्वीचे तापमान सव्वा अंशाने उतरते असे निघाले. आपल्या वर्गात चित्रपटाबरोबर हाही हिशोब यायला हवा.

दफनाला जागा पुरेनाशी झाल्यावर गावकरी प्रेते जाळू लागतात, तो प्रसंग पाश्चात्त्य प्रेक्षकाला संस्कृतीचा शेवट वाटावा असा आहे. आमच्या शिबिरात तो कोणालाच फारसा भिडला नाही. भिडले ते शाळेचे नाटक. बाँबच्या आधीपासून मुले पुंगीवाल्याच्या गोष्टीची तालीम करीत असतात. नंतरही गाव ते नाटक रद्द करीत नाही. गावातली सगळी मुले निघून जातात ती ही गोष्ट, आणि समोर बसलेले आईबाप टाळ्या वाजवतात. आई मुलीसाठी चादर शिवत बसते तो प्रसंगही तसाच. शिवणयंत्र, चादर, हात. कशासाठी शिवते आहे ते सांगावे लागत नाही.

आम्ही हा चित्रपट नववीच्या खाली दाखवणार नाही. तो नव्वद मिनिटांचा आहे, तेव्हा दोन तासिका जोडून घ्याव्या लागतील. कोष्टक दुसऱ्या दिवशी मांडावे. त्याच दिवशी मांडले तर मुले उतरवून घेतात, पण विचारत काही नाहीत.