मजकुराचे स्क्रोलिंग आणि कर्सरचे स्थैर्य : ईमॅक्स व व्हिम यांचा चिकित्सक विचार

टेक्स्ट एडिटरमध्ये मजकूर वर-खाली सरकविला असता कर्सरचे स्थान स्थिर राहावे, ही अपेक्षा वरवर साधी वाटते. परंतु हे स्थैर्य कशाच्या संदर्भात, असा प्रश्न उपस्थित होताच तिच्यातील दुहेरी अर्थ स्पष्ट होतो. कर्सर ज्या शब्दापाशी होता तेथेच राहणे हे एक स्थैर्य. पडद्यावर ज्या उंचीवर होता ती न सोडणे हे दुसरे. प्रस्तुत लेखात या दृष्टीने दोन जुन्या एडिटर-परंपरांचा विचार केला आहे.

नोटपॅड व वर्ड पहिल्या प्रकारचे होत. शोधप्रबंध तपासणारा अभ्यासक माउसच्या चाकाने मागील प्रकरण पाहून येतो. कर्सर मूळ शब्दापाशीच, नजरेआड असतो. बाणाची कळ दाबताच मूळ जागा पुन्हा समोर येते. अर्थात समोरच्या ओळीत क्लिक न करताच टंकलेले अक्षर दहा पाने दूर जाऊन पडते, हा यातील धोका होय.

ईमॅक्सला (१९७६, एमआयटी) हा नजरेआडचा कर्सर मान्यच नाही. कर्सर नेहमी खिडकीत दिसलाच पाहिजे, हे त्याचे मूलतत्त्व. ते समर्थनीय आहे. परंतु त्याची मूळ मांडणी या तत्त्वाशी जेमतेम प्रामाणिक राहते. ४० ओळींच्या खिडकीत कर्सर २० व्या ओळीवर आहे असे समजू. एक पडदा पुढे गेल्यास, दोन ओळींचा दुवा राखून, खिडकी ३९ व्या ओळीपासून सुरू होते आणि कर्सर त्या ओळीवर ढकलला जातो. लगेच एक पडदा मागे आल्यास पूर्वीचाच मजकूर दिसतो, मात्र कर्सर ३९ व्या ओळीवरच राहतो, कारण ती ओळ आताही दृष्टिपथात असते. म्हणजे मजकूर परतला, कर्सर परतला नाही. दोन्हींपैकी एकही स्थैर्य साधले नाही.

‘स्क्रोल-प्रिझर्व्ह-स्क्रीन-पोझिशन’ हा पर्याय चालू केल्यास कर्सर पडद्यावरील २० वी ओळ धरून ठेवतो. तो पुढे ५८ व्या ओळीवर जातो आणि परतताना पुन्हा २० व्या ओळीवर येतो. दोष असा की, हा पर्याय मुळात बंद असतो, आणि ज्या नवशिक्यास त्याची खरी गरज, त्याला त्याचे नावही ठाऊक नसते.

बिल जॉय यांच्या व्ही-आयची परंपरा पुढे चालविणाऱ्या व्हिममध्ये (१९९१) कंट्रोल-ई या कळीने मजकूर सरकतो. कर्सर काठाला लागेपर्यंत आपली ओळ सोडत नाही. कंट्रोल-डीने अर्धा पडदा पुढे जाताना पडद्यावरील उंची राखली जाते, पण ‘स्टार्टऑफलाइन’ या मूळ मांडणीमुळे कर्सर ओळीतील पहिल्या अक्षरावर जातो. उंची जपायची आणि आडवे स्थान मात्र गमवायचे, ही तडजोड अनाकलनीय होय. निओव्हिमने हा पर्याय मुळातच बंद ठेवला आहे. ईमॅक्सची मूळ मांडणी मात्र अद्याप बदललेली नाही.