साइक्सची मत्स्यनामे आणि कुकडी-घोड खोऱ्यातील मत्स्यसंशोधन

दख्खनच्या नद्यांतील माशांच्या शास्त्रीय अध्ययनाचा पाया कर्नल विल्यम हेन्री साइक्स याच्या ‘दख्खनचे मासे’ या इंग्रजी निबंधाने घातला. मुंबई सरकारने साइक्सची १८२४ मध्ये सांख्यिकी अधिकारी म्हणून नेमणूक केली होती. त्याने वर्णिलेल्या जाती १८३९ मध्ये जाहीर झाल्या व सचित्र निबंध १८४१ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने छापला. प्राणिशास्त्रज्ञ या निबंधाकडे आद्य वर्णनांचा संग्रह म्हणून पाहतात. परंतु तो मराठी शब्दांचाही संग्रह आहे, या दृष्टीने त्याचे परीक्षण सहसा होत नाही. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत मत्स्यसंशोधनाची स्थानिक शक्ती उभी करावयाची असेल, तर असे परीक्षण अगत्याचे ठरते.

साइक्सचा गुण प्रथम नमूद केला पाहिजे. खुद्री, कोलस, नुक्ता, मुल्या, कुटुर्नी, टाकरी, शिंगटी ही नदीकाठी रूढ असलेली नावे त्याने शास्त्रीय जातिनामे म्हणून स्वीकारली. त्यामुळे मराठी बोलीतील शब्द जगाच्या प्राणिशास्त्रात कायमचे नोंदले गेले. तथापि याच निबंधात यॅरेल, ऑगिल्बी, व्हिगर्स, चिल्ड्रेन या गृहस्थांच्या सन्मानार्थही नावे दिलेली आढळतात. उलटपक्षी, ज्यांच्या तोंडून मराठी नावे मिळाली त्यांपैकी एकाचेही नाव कोणत्याही जातीस मिळालेले नाही. शब्द घेतला गेला, शब्दाचा धनी मात्र वगळला गेला.

दुसरा दोष लेखनाचा आहे. साइक्सच्या इंग्रजी शीर्षकात ‘दखन’ या शब्दातील दोन्ही अकार ‘यू’ या अक्षराने दाखविले आहेत. हाच संकेत लावल्यास ‘खुद्री’चा आरंभ ‘ख’ने, ‘मुल्या’चा ‘म’ने व्हावयास हवा, आज मात्र ही नावे सर्रास उकारान्वित उच्चारली जातात. रोमन लिपीत ट व त, ड व द, ण व न, ळ व ल यांचा भेद लोपतो, ही अडचण याहूनही मोठी आहे. मूळ शब्द ‘टाकरी’ की ‘ताकरी’, ‘मल्या’ की ‘मळ्या’, ‘कटर्णी’ की ‘कतरणी’, हे केवळ छापील अक्षरांवरून ठरविता येत नाही. त्या काळी साधनेच नव्हती, असेही म्हणता येत नाही. सर विल्यम जोन्स याने लिप्यंतराची पद्धती १७८८ मध्येच मांडली होती आणि मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये मराठी शब्द देवनागरीत छापून प्रसिद्ध झाला होता. याच साइक्सने जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील लेखांच्या नकला १८३७ मध्ये प्रसिद्ध केल्या. दगडावरील अक्षर जसेच्या तसे उतरविणे त्याला अवश्य वाटले. तोंडच्या शब्दाच्या बाबतीत ती दक्षता त्याने बाळगली नाही.

नाव आणि वस्तू यांची फारकत झाली म्हणजे काय घडते, हे ‘मुसल्ला’ या नावाच्या इतिहासावरून दिसते. साइक्सने हे नाव दख्खनमधील माशास दिले. पुढे कावेरीतील कुबडधारी महासीरही कित्येक वर्षे त्याच नावाने ओळखला गेला. मुसल्ला हा महासीरच नव्हे, असे २०१३ मध्ये प्रतिपादिले गेले. कुबडधारी महासीर म्हणजे ‘टॉर रेमादेवी’ ही जाती, हे २०१८ मध्ये निश्चित झाले. दरम्यान लोणावळ्याच्या उबवणी केंद्रात वाढविलेल्या ‘टॉर खुद्री’ची पिले कावेरीत सोडली गेली होती, आणि त्यांनी तेथील मूळ महासीरास मागे रेटले, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. दोन भिन्न मासे ‘महासीर’ या एकाच शब्दाखाली झाकले गेले होते.

कुकडी, मीना, पुष्पावती व घोड यांच्या खोऱ्यास हा धडा लागू आहे. फ्रेझर (१९४२) आणि वाघ व घाटे (२००३) यांच्या सूची मुख्यतः पुणे परिसरातील नद्यांशी निगडित आहेत. डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे या धरणांमुळे जुन्नर-आंबेगावातील वाहते पाणी ठिकठिकाणी साचले. अशा जलाशयांत कटला, रोहू यांसारखे गंगेच्या खोऱ्यातील मासे सोडले जातात, व वाहत्या पाण्यातील जाती मागे पडतात. मासा जाळ्यात येईनासा झाला की त्याचे नावही पुढच्या पिढीच्या जिभेवरून उतरते.

या कार्यास माणसांची उणीव नाही. डिंभे जलाशयावर धरणग्रस्त आदिवासींची मासेमारी सहकारी संस्था आहे. तिला साह्य करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेस २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक लाभले. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५९ पासून पुण्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. तिच्यात स्थानिक नावाचा रकाना आहे. परंतु नुसता रकाना पुरेसा नाही. नाव देवनागरीत, उच्चारानुसार लिहिले जावे. ते कोणत्या गावचे, लहान माशाचे की वाढलेल्या माशाचे, एका जातीचे की अनेक जातींचे, याची नोंद व्हावी. सोबत नमुना जतन केला जावा, आणि सांगणाऱ्याच्या संमतीने त्याचे नाव त्याच पानावर यावे.

सहकार्य याचा अर्थ एवढाच नव्हे की मासेमाराने नमुना आणून द्यावा व विद्वानाने त्यास नाव द्यावे. साइक्सच्या निबंधात ती विभागणीही खरी नव्हती. नाव पुष्कळदा नदीकाठचेच होते. नव्या संशोधनाने ही गोष्ट उघडपणे मान्य करावी, आणि नदीकाठच्या जाणकारास सहलेखकाचे स्थान द्यावे.