अश्वविद्येंतील अधिकारी पुरुष

शालिहोत्राच्या नांवावर चालणारी पोथी हातीं आली म्हणजे संग्राहक बहुधा दोन प्रश्न विचारतो: ग्रंथ कोणाचा, आणि प्रत केव्हांची? घोडा ज्याच्या हवालीं करावयाचा त्या माणसाची पारख कशी करावी, हा तिसरा प्रश्न मागें राहतो. घोडेवाल्याचा मात्र तोच पहिला. त्या दृष्टीनें ह्या वाङ्मयाकडे पाहतां त्याची किंमत निराळी ठरते, असें आमचें मत आहे.

जयदत्तसूरीचें ‘अश्ववैद्यक’ उमेशचंद्र गुप्त यांनीं कलकत्त्याच्या बिब्लिओथिका इंडिका मालेंत १८८६–८७ च्या सुमारास प्रसिद्ध केलें. अवयव, रंग, भोवरे, दांतांवरून वय, चाल, ऋतुमानाप्रमाणें आहार आणि मग रोग व औषधें, असा त्याचा पसारा. दांतांवरून वय ओळखण्याची रीत आजहि टाकाऊ नाहीं. पण पुढच्या हस्तलिखितांत लेखकांचा जीव रमला तो भोवऱ्यांत. देवमण असला कीं बाकीचें खोड झांकलें जातें, ही बाजारांतील समजूत त्याच प्रकरणांची लेक होय. घोड्याच्या अंगावरचें सारें वाचावयास शिकविणाऱ्या ह्या पोथ्या, त्याला हात लावणाऱ्या माणसाविषयीं बहुधा आखडत्या हातानें लिहितात.

ह्या बाबतींत वैद्यकग्रंथांपेक्षां महाभारतांतील नलोपाख्यान अधिक बोलकें आहे. वर्धा जिल्ह्यांतील आर्वी तालुक्याला लागून वाहणाऱ्या वर्धा नदीच्या पश्चिम तीरावर कौंडण्यपूर आहे. परंपरा त्यालाच विदर्भाची राजधानी कुंडिनपूर मानते. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून अयोध्येचा ऋतुपर्ण निघाला तो येथेंच येण्यास. त्याचा सारथी बाहुक, म्हणजे रूप पालटलेला नल, नेमके कृश घोडे निवडतो. राजा रागावतो. बाहुक उत्तरादाखल भोवरे मोजून दाखवितो. प्रचलित पाठांत घोडे निवडतांना दहा भोवरे सांगितले आहेत, पण बाहुकाच्या उत्तरांतले मोजले तर बारा भरतात! टीकाकारांनीं त्याचा मेळ खुशाल घालावा. आमच्या मतें कथेचें मर्म तेथें नाहींच. जुंपतांच ते घोडे गुडघ्यांवर येतात, आणि बाहुक त्यांना चाबूक न मारतां चुचकारून उठवितो. रथाचा वेग पाहून वार्ष्णेय मनांत म्हणतो, हा मातलि कीं शालिहोत्र, कीं प्रत्यक्ष नल? कुंडिनपुरांत दमयंती रथाच्या घोषावरूनच नल ओळखते. तेथें राहिलेले नलाचे घोडेहि तो ओळखून हर्षित होतात. लक्षणें तोंडानें सांगतां आलीं म्हणून बाहुक अधिकारी ठरला नाहीं. घोड्यांनीं दिलेला कौल निर्णायक ठरला.

अर्थात् प्रत्येक घोडेवाल्याला ऋतुपर्णाचें नशीब लाभत नाहीं. सामान्यांसाठीं उपाय कौटिल्यानें सांगितला. ‘अर्थशास्त्रा’च्या दुसऱ्या अधिकरणांत अश्वाध्यक्षाच्या प्रकरणीं वैद्याला शरीराची वाढघट व ऋतूप्रमाणें आहार पाहण्यास नेमलें आहे. चारा घालणारा, अन्न शिजविणारा, आयाळ राखणारा, विषवैद्य अशीं कामें वेगवेगळीं केलीं असून, त्यांत कसूर झाल्यास दिवसाचा पगार कापावा. उपचार वा औषध चुकल्यामुळें रोग वाढला तर वैद्यास उपचारखर्चाच्या दुप्पट दंड, आणि त्या अपराधानें घोडा गेला तर घोड्याची किंमत. १९०९ मध्यें शामशास्त्र्यांनीं हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला, तेव्हां राजनीतीच्या चर्चेंत हें प्रकरण फारसें कोणी पाहिलें नसावें. त्याच्या तोडीचें वाक्य पोथ्यांच्या औषधयाद्यांत आम्ही शोधतों.

आजची स्थिति पाहूं. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानें पशुवैद्यास नोंदणी आवश्यक झाली. नागपूरचें पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ चें, वर्ध्याहून सुमारें ७५ कि.मी. म्हणजे वैद्याची सनद विचारण्याची सोय आहे, आणि ती विचारावी. पण नालबंद व चाबुकस्वार यांच्याकरितां तसा कायदा नाहीं. तेथें अजून बाहुकाचीच कसोटी लावावी लागते. नाल ठोकल्यावर घोडा सरळ चालतो काय, नव्या स्वाराच्या हातीं तो बुजतो कीं शांत होतो, हें मालकानें स्वतः पाहावें. आणि पोथीचें औषध कोठें थांबवावें हेंहि कळलें पाहिजे. ग्लँडर्स हा रोग घोड्यापासून माणसासहि होतो. त्यावर इलाज न करितां रोगी जनावर नष्ट करावें लागतें, आणि संशय येतांच वर्दी देणें २००९ च्या कायद्यानें मालकावर बंधनकारक आहे. अशा वेळीं नाकपुड्यांतील स्राव पाहून जुन्या काढ्याचें पान उलगडत बसणें हा ग्रंथप्रेमाचा अतिरेक होय.

राहिली पोथ्यांची गोष्ट. विदर्भांतील ज्या घराण्यांकडे शालिहोत्राच्या प्रती असतील, त्यांनीं मूळ पाठाबरोबर समासांतील नोंदी आणि शेजारच्या रुमालांतील पागेचे हिशेब वेगळे न करितां जतन करावे. सालोत्र्यास किती दिलें, नालबंदी कोणास, चाबुकस्वार कोणत्या कारणानें काढला, ह्या चार ओळी असतील तर त्यांची नक्कल आधीं करावी. भोवऱ्यांचीं चित्रें मागाहून उतरलीं तरी चालतील.