समेवर पाय

लूपर पेडलच्या जाहिरातीत तीन आकडे ठळक असतात: किती वेळ रेकॉर्ड होतं, किती फ्रेज साठवता येतात, आत किती रिदम भरलेत. बॉसच्या आरसी-५ मध्ये सुमारे १३ तास, ९९ फ्रेज, ५७ रिदम. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या साध्या डिट्टोमध्ये ५ मिनिटं, एक बटण, एक नॉब. साहजिकच माणूस १३ तासांकडे ओढला जातो. पण स्टेजवर फिरणारा तुकडा बहुतेक वेळा दहा-पंधरा सेकंदांचा असतो. लाइन सिक्सच्या डीएल-४ मध्ये १९९९ साली लूपसाठी जेमतेम १४ सेकंद होते, आणि तेवढ्यावर लोकांनी वर्षानुवर्षं कार्यक्रम केले.

मग पेडल निवडायचं कशावरून? माझं उत्तर: थांबण्यावरून.

मी दिवसा कोड लिहितो, त्यामुळे एका बटणाचं यंत्र दिसलं की आधी त्याच्या अवस्था मोजतो. पहिला दाब, रेकॉर्ड. दुसरा, प्ले. तिसरा, ओव्हरडब, म्हणजे वाजणाऱ्या तुकड्यावर नवा थर. आता थांबवायचं असेल तर? लागोपाठ दोनदा दाबायचं. म्हणजे त्यातला पहिला दाब समेवर पडला तर आवाज बंद होतो दुसऱ्या दाबाला, समेच्या थोडं नंतर. आणि दुसरा समेवर पाडायचा तर पहिला आधीच मारावा लागतो, नेमका तिहाई रंगात असताना. घरात हेडफोन लावून वाजवताना हे खटकत नाही. समोर वीस माणसं असली की ती शेपटी सगळ्यांना ऐकू येते. आपल्याकडे ऐकणारा ताल मोजत नसला तरी सम चुकली की त्याची मान बरोबर अडखळते.

म्हणून माझ्या हिशेबात एक जादा स्विच ९९ फ्रेजपेक्षा मोलाचा. डिट्टो एक्स-२ वर तो पेडलवरच आहे, आरसी-५ ला बाहेरून जोडता येतो. काही पेडलांत आणखी एक सोय असते: थांबायची आज्ञा दिली तरी चालू आवर्तन पूर्ण करूनच लूप गप्प होतो. ही सोय मला फार आवडते. लूप समेच्या उंबरठ्यावर संपतो आणि समेवरचा आघात तुम्हाला स्वतःच्या हाताने मारायला मिळतो.

सुरुवातीचा दाबही तितकाच नाजूक. १२० च्या लयीत सहा मात्रांचं आवर्तन तीन सेकंदांचं होतं. लूप बंद करताना पाय ४० मिलिसेकंद उशिरा पडला तर एकट्या लूपचं काही बिघडत नाही, तुम्ही त्याच्या मागे जाता. पण शेजारी फोनवर तबल्याचं ॲप चालू असेल तर दर आवर्तनाला ४० मिलिसेकंदांची फट वाढते. दहाव्या आवर्तनाला ती ४०० झालेली असते, आणि मात्राच ५०० ची आहे. पेडलच्या आतला रिदम घेतला तर ही भानगड टळते. मात्र पाश्चात्य सहा-आठ आणि कोळी ठेका यांची मोजणी जुळते, चाल जुळत नाही.

हे मला सुचतं कारण मी खारदांड्यात राहतो. कोळीवाड्यात हळद असली की बेंजो पार्टी येते आणि मग कोणाचाच अभ्यास किंवा ऑफिस कॉल होत नाही. त्या वाजवण्यात पुनरावृत्तीच असते, एकच मुखडा वीसदा. पण नवरीची मावशी नाचायला उतरली की तोच मुखडा आणखी दहादा येतो, लय चढते, ढोलकीवाला नजरेने बेंजोवाल्याला सांगतो, आता सोड. ही पुनरावृत्ती आणि लूपरची पुनरावृत्ती एक नव्हे.

शास्त्रीय संगीतात याला लेहरा म्हणतात. तबल्याच्या सोलोत सारंगीवाला किंवा हार्मोनियमवाला तीच ओळ अर्धा तास वाजवतो. कागदावर लूपच. पण तबलजीने लय किंचित वाढवली की लेहरा सरकतो, कायदा अवघड झाला की तो जास्त ठाम होतो. तानपुऱ्याचंही तसंच. मिरजेत बनलेल्या तानपुऱ्याच्या चार तारा त्याच क्रमाने छेडल्या तरी दोन आवर्तनं हुबेहूब सारखी नसतात. साठच्या दशकात टेप लूप घेऊन मैफिली करणारा अमेरिकन संगीतकार टेरी रायली १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला आणि पुढे त्यांच्या साथीला बसला. ज्याच्याकडे फिरणारी टेप होती, त्याला साथ शिकावीशी वाटली, ही गोष्ट मला कुठल्याही पेडलच्या मॅन्युअलपेक्षा बोलकी वाटते.

लूपर साथ करत नाही, आठवण ठेवतो. टेम्पो बदलता येणारे लूपर आहेत, पण तो बटण फिरवून बदलतो, ऐकून नाही.

आणि पैशांचं बोलायलाच हवं. खार-वांद्र्याच्या कॅफेत एका माणसाचं मानधन असतं, तेही कधी जेवणाच्या कुपनात. लूपर आणला की माझं भागतं. माझ्या ओळखीच्या ढोलकीवाल्याला फोन जात नाही. लूपर स्वस्त साथीदार म्हणून विकत घेतला जातो, हे मान्य केलं तर तो निवडताना आपण त्याच्याकडून काय मागतो हे स्पष्ट होतं: निदान माझ्या गाण्यात लुडबुड करू नकोस.

कारण लुडबुड तो करतो. एका ट्रॅकच्या लूपमध्ये मुखडा अडकला की अंतऱ्याचे कॉर्ड बदलता येत नाहीत. म्हणून लूपरवाल्यांचे कार्यक्रम एकमेकांसारखे ऐकू येतात: आधी ठोका, मग बेस, मग गिटार, मग ऊऊऊ, दीड मिनिट भिंत बांधायची आणि शेवटी तिच्यावर चढून गायचं. काढून घेणं जवळपास नसतंच. भावगीत या साच्यात गुदमरतं. ध्रुपद पुन्हा पुन्हा येणारा अभंग किंवा एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं असं कोळीगीत बऱ्यापैकी बसतं. पण तिथेही माझाच आवाज पाचदा चढवला तर पाच माणसं होत नाहीत. दिंडीतले टाळ एकमेकांपासून केसभर पुढे-मागे पडतात, त्यातूनच तो भरीव आवाज येतो.

गाणाऱ्यांना एक कोरडी सूचना. बहुतेक छोटे पेडल गिटारच्या जॅकचे असतात, माईक थेट लागत नाही. आरसी-५०० ला माईकची जागा आहे आणि दोन ट्रॅकही, म्हणजे मुखडा-अंतरा वेगळे ठेवता येतात. टेबलावरचा पाच ट्रॅकचा आरसी-५०५ बीटबॉक्सवाल्यांचा लाडका, पण तो हाताने चालतो, आणि हातात गिटार असते. छोट्या कॅफेत स्पीकर माईकच्या तोंडाशीच असतो, त्यामुळे प्रत्येक नव्या थरात आधीचे सगळे थर पुन्हा रेकॉर्ड होतात आणि चौथ्या थरापर्यंत चिखल होतो. यावर इलाज पेडलमध्ये नाही. स्पीकर पुढे सरकवा, थर कमी करा.

दुकानात गेलात तर विक्रेत्याला डेमो वाजवू देऊ नका. स्वतः रूपक लावा, सात मात्रांचा लूप करा, उभे राहून, बूट घालून. तीन आवर्तनं जाऊ द्या आणि मग तिहाई घेऊन समेवर थांबवून बघा. नंतर ढोलकीवाल्याला फोन करा आणि त्याच्यासोबत तेच करून बघा. माझ्या बॅगेत हल्ली दोन स्विचचं पेडल असतं, आणि मानधन दोघांचं मिळालं तर ते बॅगेतच राहतं.