त्याच रात्री लिहिलेली बखर

८ मे २०२५ची, भारत-पाकिस्तान संघर्षातली रात्र. बुलढाणा जिल्ह्यातल्या जानेफळच्या बस स्टँडजवळ चहाच्या टपरीपुढं पाच-सहा जण एका मोबाइलभोवती जमले होते. पडद्यावर आगीचे लोळ आणि खाली लाल पट्टी: कराची बंदर उद्ध्वस्त. शेजारच्या दुकानातल्या टीव्हीवर तोवर आपलं सैन्य इस्लामाबादेत शिरलं होतं आणि स्टुडिओतला सायरन थांबत नव्हता. बाकावर एक बाबा बसले होते. त्यांचा नातू फौजेत आहे. त्यांनी मोबाइलवाल्या पोराला विचारलं, "हे त्यानं सोता पाह्यलं का रे बापू, का कोनं सांगतलं?" पोराकडं उत्तर नव्हतं.

पुढच्या काही दिवसांत उत्तर मिळालं. कोणीच पाहिलं नव्हतं. इस्लामाबादेत कोणी शिरलं नव्हतं. कराचीची म्हणून फिरलेली एक चित्रफीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया इथल्या विमान अपघाताची होती. काही दृश्यं तर व्हिडिओ गेममधली निघाली. १० मे रोजी केंद्रीय गृहखात्याच्या नागरी संरक्षण विभागाला वाहिन्यांना कळवावं लागलं की, कार्यक्रमात हवाई हल्ल्याचा सायरन वाजवू नका. लोकांना त्याची सवय झाली तर खऱ्या वेळी कोणी हलणार नाही.

बाबांचा प्रश्न हा युद्धवार्तांकनाच्या समीक्षेतला पहिला प्रश्न आहे. आपल्या भाषेनं तो फार पूर्वीच एका शब्दात बसवून ठेवलाय: ‘म्हणे’. ‘तिकडं पूर आला’ आणि ‘तिकडं पूर आला म्हणे’ यांतला फरक लहान मुलालाही कळतो. पहिल्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर असते. दुसऱ्यात तो प्रामाणिकपणे सांगतो, की हे माझं ऐकीव आहे. युद्धाची बातमी देण्याची सगळी कला या ‘म्हणे’ला त्याच्या जागी ठेवण्यात आहे, आणि आज जगभरात तोच शब्द गळत चाललाय.

हा निकष आपण कुठून उसना आणलेला नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१, म्हणजे पानिपतापर्यंतची अस्सल पत्रं होती. ती हाताशी आल्यावर त्यांनी बखरी पत्रांच्या कसोटीवर घासल्या. बखर रंगतदार असते, पण ती मागाहून लिहिलेली असते आणि तिच्यात पाहिलेलं नि ऐकलेलं एकजीव होऊन जातं. पत्र लिहिणारा त्या दिवशी तिथं असतो किंवा तिथून आलेल्याचा हवाला देतो. म्हणून पत्राचं वजन जास्त. युद्धाच्या आजच्या बातम्यांनाही हीच कसोटी लावायला हवी.

युरोपात क्रिमियाच्या युद्धात, १८५४ साली, लंडनच्या ‘टाइम्स’चा विल्यम हॉवर्ड रसेल आघाडीवर गेला. स्वतःच्याच फौजेतले हाल, औषधपाण्याची आबाळ त्यानं लिहून पाठवली आणि सरकार हादरलं. ती पत्रं होती. व्हिएतनामपर्यंत हा बाणा कमीअधिक टिकला; बातमीदार हेलिकॉप्टरनं आघाडीवर जायचा आणि संध्याकाळी सायगावला परतून लष्करी प्रवक्त्याच्या आकड्यांशी आपलं पाहिलेलं ताडून बघायचा. १९९१च्या आखाती युद्धात सीएनएननं बगदादवरचे बॉम्ब थेट घराघरात आणले. तिचा बातमीदार पीटर आर्नेट शहरात थांबला होता, म्हणून त्यातलं निदान काही डोळ्यांदेखतचं होतं. पण अमेरिकी लष्करानं पुरवलेली क्षेपणास्त्रांची दृश्यं त्यापेक्षा जास्त दिसली, आणि त्या दृश्यांत माणूस कुठंच नव्हता.

२००३ साली इराकमध्ये सुमारे ६०० बातमीदार सैन्याच्या तुकड्यांबरोबर पाठवले गेले. ते आघाडीवर होते हे खरं, पण ज्याच्या गाडीत बसायचं आणि ज्याच्या बंदुकीच्या आडोशाला निजायचं, त्याच्याच डोळ्यांनी त्यांना दिसत होतं. आणि युद्धाचं जे कारण सांगितलं गेलं, ती संहारक अस्त्रं, ते तर निव्वळ ‘म्हणे’ होतं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं मे २००४मध्ये आपल्या बातम्यांची झडती घेऊन कबूल केलं की, आपण पुरेसं तपासलं नाही. कबुली चांगलीच होती, पण तोवर बगदाद पडून वर्ष उलटलं होतं.

तरीही ही कला मेलेली नाही. मार्च २०२२मध्ये मारियुपोलला रशियन फौजांचा वेढा पडला तेव्हा असोसिएटेड प्रेसचे मस्तिस्लाव चेर्नोव आणि येवगेनी मालोलेत्का तिथं राहिले. ९ मार्चला प्रसूती रुग्णालयावर बॉम्ब पडले. जखमी गरोदर बाईला स्ट्रेचरवरून नेतानाचं छायाचित्र जगानं पाहिलं. रशियानं हा बनाव असल्याचं म्हटलं. मग त्याच चमूनं त्या रुग्णालयातल्या बायांचा माग काढला: एकीला मुलगी झाली होती, स्ट्रेचरवरची बाळासकट गेली होती. इंटरनेट मिळेल त्या कोपऱ्यात बसून चित्रफितीचे तुकडे करून त्यांनी ते पाठवले. आरोप झाल्यावर पुन्हा जाऊन पाहणं, हे या कलेचं आजचं सर्वांत उजवं उदाहरण.

गाझात पुन्हा जायलाच बंदी होती. ऑक्टोबर २०२३पासून परदेशी बातमीदारांना इस्राएली लष्कराच्या सोबतीशिवाय आत सोडलं जात नव्हतं. म्हणून जगानं गाझा पाहिलं ते तिथल्याच बातमीदारांच्या डोळ्यांनी. त्यांची घरं पडत होती, ते उपाशी होते आणि तरी माइक धरून उभे होते. ‘कमिटी टु प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स’च्या नोंदीत २०२४ साली जगात १२४ पत्रकार मारले गेले, तोवरच्या तीन दशकांतला हा सर्वांत मोठा आकडा, आणि त्यांतले ८५ गाझाच्या या एका युद्धातले. साक्षीदार असे संपवले जातात तेव्हा मागं उरतात ती फक्त दोन बाजूंची निवेदनं.

सुदानला तर साक्षीदार फारसे पोहोचलेच नाहीत. १५ एप्रिल २०२३पासूनच्या त्या युद्धानं एक कोटीहून जास्त माणसांना घराबाहेर काढलं. तिथल्या एल फाशर शहराच्या वेढ्याची बरीचशी माहिती उपग्रहचित्रांवरून जुळवावी लागली. हे नवं तंत्र मोलाचं आहे. सावलीच्या लांबीवरून वेळ, मिनारावरून जागा आणि चाकोऱ्यांवरून गाड्या ओळखता येतात. पण वरून कबर दिसते, तिच्यातल्या माणसाचं नाव खाली उतरल्याशिवाय कळत नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. १४ फेब्रुवारी २०१९ला पुलवाम्यातल्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या जवानांत आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते, एक मलकापूरचा आणि एक लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचा. म्हणजे युद्धाची बातमी आमच्यासाठी परदेशातली बातमी नसते. २६ फेब्रुवारीला भारतीय हवाई दलानं पाकिस्तानातल्या बालाकोटवर हल्ला केला. परराष्ट्र सचिवांच्या निवेदनात मृतांचा आकडा नव्हता. वाहिन्यांनी दुपारपर्यंत तीनशे केला. रॉयटर्सनं उपग्रहचित्रांवरून तिथल्या इमारती उभ्याच असल्याचं दाखवलं. पाकिस्ताननं बातमीदारांना त्या जागेवर नेलं ते तब्बल दीड महिन्यानं. लपवाछपवी दोन्हीकडं होती. पण आपल्या वाचकाला ‘आकडा माहीत नाही’ एवढं साधं वाक्य कोणी दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बडगामला हवाई दलाचं हेलिकॉप्टर कोसळलं. त्यात नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांच्यासह सात जण गेले. ते आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं, हे हवाई दलप्रमुखांनी ऑक्टोबरमध्ये जाहीर सांगितलं. हवाई दलानं चूक मान्य केली, ते त्याला शोभलं. मात्र तीनशेच्या आकड्यावर ज्यांनी दिवसचे दिवस खर्च केले, त्यांना या सात मृत्यूंसाठी तितका वेळ सापडला नाही. २०२५मध्येही तेच. मेमधल्या संघर्षात लढाऊ विमानं गमावल्याचं संरक्षण दलप्रमुखांनी ३१ मे रोजी सिंगापुरात परदेशी वृत्तसंस्थांसमोर मान्य केलं. तिकडं पाकिस्तानच्या संरक्षणमंत्र्यांकडं सीएनएननं पुरावा मागितला तेव्हा त्यांनी समाजमाध्यमांकडं बोट दाखवलं.

मराठी वाचकापुढं आणखी एक पदर आहे. जगातल्या युद्धाची बातमी आपल्याकडं बहुतेक वृत्तसंस्थांच्या इंग्रजी मजकुरावरून येते. मूळ मजकुरात ‘लष्कराचा दावा आहे’, ‘स्वतंत्र दुजोरा मिळालेला नाही’ असं असतं. रात्री अकराला पान लावण्याच्या घाईत पहिला बळी याच शब्दांचा जातो. मग ‘दावा’ जातो आणि ‘कंठस्नान’ येतं. कंठस्नान घालणं म्हणजे शिरच्छेद करणं. रोज छापून तो शब्द इतका गुळगुळीत झालाय की, चौथीतलं पोरही तो सहज वाचतं. ‘खात्मा’चंही तेच. उलट जिथं मारणारा ठाऊक असतो, तिथं ‘स्फोटात मृत्यू’ असा मथळा येतो आणि बॉम्ब कोणी टाकला हे वाक्यातून निघून जातं. कर्ता कधी घालायचा आणि कधी वगळायचा, हा निव्वळ व्याकरणाचा प्रश्न नाही. इथं तो न्यायाचा आहे.

म्हणून मराठी संपादकांकडं माझं मागणं मोठं नाही. प्रत्येकानं गाझात माणूस पाठवावा, असं मी म्हणत नाही. बातमीत पाहिलेलं, सांगितलेलं आणि माहीत नसलेलं वेगळं दिसू द्या. चुकलं तर जेवढ्या मथळ्यात चुकलं, तेवढ्याच मथळ्यात दुरुस्त करा. युद्धाची खरी बातमी कृषी केंद्रातही शोधा: २०२२ साली युक्रेन पेटल्यावर डीएपी खताची गोणी १२०० वरून १३५० रुपयांवर गेली, तेव्हा मेहकर तालुक्यातला शेतकरीही त्या युद्धाचे पैसे मोजत होता.

मेच्या अखेरीस मी त्या बाबांच्या घरी गेलो. ओसरीत ओलं गोणपाट पसरलं होतं. त्यावर दहा-दहाच्या ओळीत सोयाबीनचे शंभर दाणे आठवडाभरापूर्वी मांडले होते. सत्तरच्या वर उगवले तर ते बियाणं पेरायचं. बाबा बोटानं एकेक मोड मोजत होते. अर्धवट फुटलेला दाणा त्यांनी जमेत धरला नाही. आत टीव्ही बंद होता. नातवाचा फोन येऊन गेला होता. "बरा हाय म्हने," ते म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून मोजायला लागले.