रूपरेषा समितीपुढे जाण्याआधी

'दलित आत्मकथनांतील सामाजिक जाणिवा : एक चिकित्सक अभ्यास.' या धाटणीच्या शीर्षकाच्या पीएच.डी.च्या रूपरेषा मी आजवर किती वाचल्या, याची मोजदाद ठेवलेली नाही. लेखकाचे नाव बदलते, कालखंड बदलतो, 'जाणिवा' मात्र कायम. समितीपुढे जाताना आपली मुले हे शीर्षक छत्रीसारखे डोक्यावर धरतात. त्याखाली कोणी भिजत नाही, कारण त्यात प्रश्नच नसतो.

गेल्या महिन्यात एक विद्यार्थिनी अशीच रूपरेषा घेऊन आली. मार्गदर्शक दुसरे; मी आपला सेवानिवृत्त वाचक. गृहीतकाच्या रकान्यात लिहिले होते की, दलित आत्मकथनांतून सामाजिक जाणीव व्यक्त होते. मी विचारले, "हे खोटे ठरण्याची काही शक्यता आहे का? नसेल तर चार-पाच वर्षे कशाला घालवतेस?" ती हसली आणि पिशवीतून वहीचे एक पान काढून तिने माझ्यापुढे ठेवले. तिचा खरा प्रश्न तिथे होता.

बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्यात सासुरवाशिणींचे हाल आहेत, नाक कापलेल्या बायका आहेत. पण हे सगळे 'आम्ही'चे आहे. स्वतःच्या नवऱ्याने केलेली मारहाण त्या पुस्तकात नाही. माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला, २००८ साली, जी मुलाखत जोडली आहे तिच्यात बेबीताई त्याविषयी बोलल्या. हे लेखन आपण घरात वर्षानुवर्षे लपवून ठेवले होते, हेही त्यांनी सांगितले आहे. मुलीचा प्रश्न असा : या 'आम्ही'ने काय उचलून धरले आणि काय गिळले? त्याच काळात शांताबाई कांबळे आपल्या पुस्तकाला 'माज्या जल्माची चित्तरकथा' म्हणतात. एकीच्या शीर्षकात 'आमुचं', दुसरीच्या शीर्षकात 'माज्या'. हा फरक नुसता योगायोगाचा आहे का?

"मग हे रूपरेषेत का नाही?"

"सर, समितीला चालणार नाही. आणि आपल्या लोकांनाही चालणार नाही."

तिच्या बोलण्यातला दुसरा भाग मला झोंबला, कारण तो खरा आहे. वस्तीतल्या बाईचे वस्तीतल्या पुरुषाने केलेले हाल चर्चेला आले की 'विरोधकांच्या हाती कोलीत' ही भाषा आपल्याच व्यासपीठांवरून ऐकू येते.

समितीचे म्हणाल तर तिचा अनुभव मलाही आहे. तरुणपणी मला विचारले गेले होते, "तुम्ही त्याच समाजातले, तुम्ही तटस्थ कसे राहणार?" वारकऱ्याच्या घरात जन्मून संतवाङ्मयावर संशोधन करणाऱ्याला हे कोणी विचारत नाही. प्रश्न जातीयच होता. मी उत्तरादाखल भाषण ठोकले. बाहेर मित्रांनी पाठ थोपटली आणि रूपरेषा परत आली. अन्याय म्हणून ही हकिकत मी अनेक वर्षे सांगत आलो. पण त्याच बैठकीत आणखी एक साधा प्रश्न होता : हीच पुस्तके का निवडली, बाकीची का नाही? त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि हकिकत सांगताना हा भाग मी गाळत असे.

बाबासाहेबांचा लंडनचा प्रबंध आपण मिरवतो, पण त्यातून शिकत नाही. 'रुपयाचा प्रश्न' परीक्षकांनी पहिल्यांदा तसाच स्वीकारला नाही. बाबासाहेबांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ साली तो पुस्तकरूपाने निघाला तेव्हा प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची होती, आणि बाबासाहेबांचे बहुतेक युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत असे त्यांनी त्याच प्रस्तावनेत लिहिले. तरीही पुस्तक वाचण्याजोगे आहे, असा निर्वाळा दिला. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाशी भिडताना बाबासाहेबांनी वेदनेचा दाखला पुढे केला नाही. चलनाचा इतिहास आणि आकडे पुढे केले.

म्हणून आम्ही तालीम केली. समिती मी झालो. "शर्मिला रेगे यांनी २००६ सालीच दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर अख्खा ग्रंथ लिहिला. तुमचे नवे काय?" पहिल्या दिवशी ती गप्प बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "रेगे या लेखनाकडे समूहाची साक्ष म्हणून पाहतात. साक्षीतून काय वगळले गेले, ते मी सर्वनामांच्या वापरातून शोधणार. कदाचित काहीच वगळलेले नाही, असेही निघेल." हे शेवटचे वाक्य तिला मी शिकवलेले नव्हते.

तटस्थतेच्या प्रश्नावर मात्र आमचे अजून जुळलेले नाही. मी म्हणतो, प्रतिप्रश्न कर. ती म्हणते, पद्धत सांगायची आणि पुढे जायचे. तिचे बरोबर असावे.

समिती पुढच्या आठवड्यात आहे. शीर्षकातून 'जाणिवा' गेल्या. काल रात्री तिचा फोन आला. मार्गदर्शक म्हणतात, शीर्षकात प्रश्नचिन्ह नको. मी म्हटले, काढून टाक, पण पहिल्या पानावरचा प्रश्न तसाच राहू दे.